गर्दीचा प्रश्न निकाली

१ सप्टेंबर. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे सगळं खरं लिहिता येईल. रोज पाचला उठायचं. बंदराच्या भिंतीच्या टोकापर्यंत चालून यायचं. चहात साखर बंद. कमी बोलायचं, पण जे बोलायचं ते ठाम. आणि मुख्य म्हणजे बंदराला शिस्त लावायची. मला इथे हार्बर मॅनेजर म्हणून पाठवलं तेव्हा हेड ऑफिस म्हणालं होतं, सध्या जा, मोठ्या बंदरात जागा झाली की बघू. ते अजून बघतायत. तोवर हे छोटं बंदर आदर्श करून ठेवलं की त्यांना बघणं सोपं जाईल.
आज सहाला उठलो. पण गजर पाचचाच लावला होता.

रात्री ८.
चालणं झालं नाही. गुडघा. साखर उद्यापासून.

४ सप्टेंबर.
बंदर म्हणजे काय, कोपरात वाकवलेल्या हातासारखी एक दगडी भिंत आणि तिच्या कुशीत होड्या. भिंतीच्या मुळाशी खाली हिचं कँटीन, वर माझं ऑफिस. खिडकीची काच खाऱ्या हवेने आंधळी झालेली. तरीही त्यातून जे दिसतं ते बघवत नाही. जो येतो तो वाटेल तिथे दोर टाकतो. मच्छीमार, सहलीची बोट, डॉक्टरीणबाईंची शिडाची होडी, सगळे एकमेकांना खेटून. एका होडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकत लोक कँटीनला येतात आणि वर हसतात.
यावर उपाय: नंबर. भिंतीवर प्रत्येक होडीचा नंबर रंगवून घेतला. रंगाऱ्याने मोजणी उलट्या टोकाने सुरू केली, त्यामुळे एक नंबर गटाराच्या तोंडाशी आला. तो मी मोठ्या तांडेलांना दिला. सगळ्या मच्छीमार होड्यांत त्यांचा शब्द चालतो, तेव्हा मान त्यांचाच. ते आजवर पायऱ्यांशी लागायचे, कारण तिथून माशांच्या टोपल्या चढवायला सोप्या. मी म्हटलं, तुम्हाला एक नंबर दिलाय. त्यांनी गटाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाण्यात थुंकले.
भावना व्यक्त करण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

९ सप्टेंबर.
वन-वे सुरू केला. आत आलेल्या होडीने डावीकडून पूर्ण फेरी मारून मगच आपल्या नंबरला लागायचं. ही म्हणाली, अहो, या टोकावरून चप्पल फेकली तर त्या टोकाला पडेल, एवढंसं तर पाणी. फेरी कसली मारायची त्यात? मी म्हटलं, प्रश्न आकाराचा नाही, सवयीचा आहे.
दुपारी दोन होड्यांची टक्कर. इथे टक्कर कधी झाली नव्हती म्हणतात. म्हणजे नियम किती गरजेचा होता ते आजच कळलं.
थकलो. चहा, दोन चमचे साखर. थकव्यावर औषध म्हणून.

१५ सप्टेंबर.
डॉक्टरीणबाई होडी घेऊन पलीकडच्या खाडीत गेल्या. रिटायर झालेली डोळ्यांची डॉक्टर, एकटी राहते, पांढरं शिड, स्वभाव गोड. निरोप घ्यायला वर आल्या होत्या. म्हणाल्या, तिथे जरा शांत आहे हो. ही खाडी टेकडीच्या त्या अंगाला. भिंत नाही, दिवा नाही, ऑफिस नाही. एक बंद पडलेला होड्या बांधायचा कारखाना आणि पाण्यावर वाकलेली झाडं. वय झालं की माणसाला असलं काहीतरी आवडायला लागतं.
त्यांचा नंबर रिकामा झाला. तेवढ्या भागात पहिल्यांदाच भिंत नीट दिसली. चांगली आहे भिंत.

२२ सप्टेंबर.
एक वल्हं हरवल्याची तक्रार. ताबडतोब ॲक्शन. बंदराच्या तोंडाला आडवी साखळी. संध्याकाळी सहाला लावायची, सकाळी पाचला काढायची, मोठं कुलूप. किल्ली एकच, ती माझ्याकडे. हिने विचारलं, दुसरी किल्ली? मी समजावून सांगितलं, दोन किल्ल्या म्हणजे दोन जबाबदार, आणि दोन जबाबदार म्हणजे एकही नाही. ती म्हणाली, आणि एकुलत्या एका जबाबदार माणसाला ताप आला तर? मी म्हटलं, मला ताप येत नाही.
वॉचमन भोंगाकाका फक्त मान हलवत होते. त्यांचा आवाज मोठा, धुक्यात होड्या त्यांच्या हाकेवर आत येतात, म्हणून हे नाव. कान मात्र आवाजाच्या मानाने अगदीच बेताचे.
वल्हं संध्याकाळी मिळालं. तक्रार करणाराच त्यावर कपडे वाळत घालून विसरला होता. साखळी आता आणलीच आहे.

३० सप्टेंबर.
दाढ दुखते. डावीकडची, खालची. उद्या डेंटिस्ट.

२ ऑक्टोबर.
दाढ थांबली. उगाच घाई केली नाही ते बरं.

६ ऑक्टोबर.
मेव्हणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, लोकांना बोटीतून समोरच्या दीपगृहाच्या बेटावर नेऊन आणतो. म्हणाला, भावजी, लोक सूर्यास्त बघायलाच येतात. सूर्य काही सहाच्या आत बुडत नाही. मला साखळी साडेसातपर्यंत उघडी ठेवा. मी म्हटलं, तू माझा मेव्हणा आहेस म्हणूनच नाही. आज तुला सूट दिली तर उद्या लोक म्हणतील, आपला तो बाब्या. सूर्यास्त बघायचा तर किनाऱ्यावरून बघा. सूर्य तोच आहे.
तो हसला आणि गेला. लहानपणापासून असाच म्हणे, भांडत नाही.
रात्री भाजीत मीठ नव्हतं. मी तशीच खाल्ली. तत्त्वाची किंमत मोजावी लागते.
आणखी दोन मच्छीमार होड्या खाडीला गेल्या. टकरी निम्म्यावर आल्या. हळूहळू परिणाम दिसतोय.

१० ऑक्टोबर.
दाढ. लिहवत नाही.

११ ऑक्टोबर. दुपारी ४.
पाचला डेंटिस्ट. ही सोबत येते आहे, मी घाबरतो म्हणून नाही, तिला बाजारात काम आहे. निघण्यापूर्वी साखळी लावून कुलूप घातलं. सगळे बाहेर गेलेले आहेत, पण सहाच्या आत मी परत येईन, तेव्हा त्यांची सोय होईल आणि मागे कुणी घोळ घालणार नाही. दूरदृष्टी.

संध्याकाळी.
दाढ निघाली. तोंड बधिर. बंदरावर वारा सुटला होता. उद्या लिहीन.

१२ ऑक्टोबर.
जे झालं ते क्रमाने लिहितो.
आम्ही निघालो आणि वारा सुटला. होड्या लवकर परत फिरल्या. तोंडाला साखळी. इकडे डेंटिस्टची दाढ निघेना, मूळ वाकडं होतं. सव्वासहाला भोंगाकाकांचा फोन. मी खुर्चीत, तोंडात कापूस, अर्धा चेहरा दगडाचा. ते ओरडत होते, साहेब, सगळे तोंडाशी आलेत, काय करू? मी लगेच, क्षणाचाही विलंब न लावता ऑर्डर दिली. साखळी तोडा. बर्फ फोडायचा मोठा हातोडा भिंतीवर कायम पडलेला असतो, मला आठवलं. इतकं प्रसंगावधान त्या अवस्थेत दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं.
पण बधिर तोंडातून ते निघालं, थाथळी थोडा. आणि भोंगाकाकांनी ऐकलं, थांबा थोडा.
ते भिंतीच्या टोकावर गेले आणि त्या आवाजात ओरडले, साहेब म्हणतात, थांबा थोडा!
आणि ते थांबले. एवढे दिवस माझं कुणी ऐकत नव्हतं.
तोंडाशी लाटा वाढत गेल्या. मेव्हण्याची बोट भिंतीच्या दगडांवर चालली. आत माणसं होती, लहान पोरंही. त्याने बोट ढकलायला हात पुढे केला. हात मोडला, बोट वाचली. मग तांडेलांनी हाक दिली आणि सगळे त्यांच्यामागे टेकडीला वळसा घालून खाडीत गेले. कुणी बुडालं नाही.
मी पोचलो, कुलूप उघडलं, साखळी खाली सोडली. आत येणारं कुणी नव्हतं. भोंगाकाका कुडकुडत होते. म्हणाले, साहेब, थोडा थोडा म्हणून फार वेळ झाला.
ही माझ्यासोबतच होती. तिने उघडलेल्या साखळीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. तशीच हॉस्पिटलात गेली. अजून आलेली नाही.

१३ ऑक्टोबर.
शांतपणे विचार केला. दोष डेंटिस्टचा. पाचची वेळ दिली की पाचला दाढ निघाली पाहिजे. दुसरा दोष भोंगाकाकांच्या कानांचा. त्यांना लेखी कळवलं की कान तपासून घ्यावेत. वाचता येत नसल्याने ते कागद घेऊन माझ्याकडेच आले. मला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. तीनदा.
स्वयंपाक मीच केला. म्हणजे ब्रेड.

१५ ऑक्टोबर.
हॉस्पिटलात जाऊन आलो. काय काय बोलायचं ते वाटेत नीट ठरवलं होतं: वारा अनपेक्षित, ऑर्डर योग्य, उच्चार माझ्या हाताबाहेर.
मेव्हण्याचा हात प्लॅस्टरमध्ये, बोटं सुजून केळ्यासारखी. मला बघून सरकला, म्हणाला, भावजी, बसा. पाठीला उशी घ्या. तो ओरडला असता तर मला बोलता आलं असतं. उशी घेऊन बसलो. ही मोसंबं सोलत होती. एक फोड त्याला, एक फोड त्याला. मग एक माझ्या हातावर ठेवली आणि न बघता विचारलं, दुखतंय का अजून?
मी म्हटलं, हो.
दुखत नव्हतं.

१८ ऑक्टोबर.
होड्या परत आल्या नाहीत. चार दिवस विश्रांती घेतील, मग येतील. जातात कुठे?
ही आज घरी आली. बोलते, पण कामापुरतं.

२० ऑक्टोबर.
आज मोठे तांडेल आले. मला वाटलं, परत आले. ते भिंतीवरचे आपले जुने टायर आणि दोर न्यायला आले होते. मी खाली जाऊन त्यांना सांगितलं, खाडीत दिवा नाही. म्हणाले, वारा लागत नाही. मी म्हटलं, भिंत नाही. म्हणाले, झाडं आहेत. मी म्हटलं, तिथे नंबर नाहीत. ते म्हणाले, हो ना. अगदी मनापासून म्हणाले.
टायर जड होता. एका बाजूने धरू लागलो. तेवढीच माणुसकी.

२५ ऑक्टोबर.
टक्कर शून्य. तक्रार शून्य. पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसतो. तळाला चमचे आहेत, बरेच. हिच्या कँटीनचे असावेत.
हेड ऑफिसला रिपोर्ट पाठवला. शेवटचं वाक्य चांगलं जमलं: बंदरातील गर्दीचा प्रश्न कायमचा निकाली काढण्यात आला आहे. पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिडकीबाहेर बघायचं टाळलं, डोळ्यांवर ताण येतो.

३ नोव्हेंबर.
कँटीनमध्ये गिऱ्हाईक दोन. मी आणि भोंगाकाका. ही तक्रार करत नाही. स्टुलावर बसून पाण्याकडे बघत राहते. इतकी वर्षं मी तिला बसलेली फारशी बघितलेली नाही. पहाटे चारपासून तिचे स्टोव्ह पेटलेले असायचे, मला वर ऑफिसात आवाज यायचा, कप आदळल्याचे, कुणाकुणाला हाका मारल्याचे. मी कितीदा सांगितलं होतं, आवाज कमी करा, ऑफिस आहे.
आज म्हणाली, मी तिकडे न्यावं म्हणते कँटीन. मी म्हटलं, धीर धर. ते आपणहून येतील. ती म्हणाली, तुम्ही एकदा जाऊन बोलावून बघा ना. मी म्हटलं, पद आहे मला एक. मॅनेजर होड्यांच्या मागे फिरत नाही.
ती बरं म्हणाली. तिच्या बरं म्हणण्यात एक दार बंद झाल्यासारखं काहीतरी असतं. की दमलो म्हणून मला तसं वाटलं?

१० नोव्हेंबर.
कँटीन गेलं.
स्टोव्ह, पातेली, बाकडी, सगळं मेव्हण्याच्या बोटीतून. त्याचा हात अजून गळ्यात, म्हणून तांडेल आणि त्यांची माणसं मदतीला. सामान चढवताना मी सूचना देत होतो. जड खाली, हलकं वर. सगळे हो साहेब म्हणत होते आणि आपल्या मनाने रचत होते. डॉक्टरीणबाई आपल्या होडीत उभ्या राहून कपबश्या झेलत होत्या, या वयात. एकही फुटली नाही.
हिने माझ्यासाठी एक छोटा स्टोव्ह, एक किटली आणि एक कप मागे ठेवला. म्हणाली, मी रात्री घरी येत जाईन, दिवसाचा चहा तुमचा तुम्ही करा. पावडर डब्यात आहे, दूध रोज सकाळी येईल. उतू जाऊ देऊ नका. बोट निघाल्यावर तिने मागे वळून बघितलं. मला वाटलं काही बोलणार. ती ओरडली, स्टोव्ह बंद करायला विसरू नका!
वन-वेच्या उलट दिशेने गेले. नोंद केली नाही.

१४ नोव्हेंबर.
दूध उतू गेलं.

१५ नोव्हेंबर.
दूध उतू गेलं. चहाचं प्रमाण समजत नाही. साखर आपोआप बंद झाली, कारण डबा सापडत नाही.

१९ नोव्हेंबर.
भोंगाकाका सांगायला आले. खाडीला धुकं जास्त, हाक मारायला माणूस हवा, ते चालले. उगाच आपले पाय घासत उभे होते. मी म्हटलं, काका, थांबा.
त्यांना ते नीट ऐकू आलं. तरी गेले.

२७ नोव्हेंबर.
हेड ऑफिसचा फोन! हातातला कप खाली ठेवून उभा राहूनच घेतला. साहेब स्वतः होते. म्हणाले, तुमचा रिपोर्ट वाचला, मोठ्या बंदराच्या लोकांना फार आवडला. मी म्हटलं, माझी कधीही निघायची तयारी आहे. ते म्हणाले, छान, मग सोमवारी ट्रक पाठवतो. मी म्हटलं, ट्रक कशाला, माझं सामान थोडंच आहे. ते म्हणाले, सामान नव्हे हो. साखळी. तिथे तशी साखळी हवी आहे, नवीन घ्यायला वेळ लागेल.
मी विचारलं, आणि मी?
ते म्हणाले, तुमचंही बघू. पण होड्याच नाहीत म्हटल्यावर आता तिथे मॅनेजर ठेवायचा का, तेही बघावं लागेल.

१ डिसेंबर.
साखळीची मोठ्या बंदरात बदली झाली. ट्रकवाल्याने सही घेतली. किल्ली पण मागितली.

६ डिसेंबर. सकाळ.
ठरवलं. आज खाडीवर जायचं. बोलावणं करायला नाही. परत येण्याच्या माझ्या अटी त्यांच्या कानावर घालायला. तीन अटी होत्या, दाढी करताना दोनवर आलो, बूट घालताना एकच राहिली: पायऱ्यांशी तांडेलांनीच लागावं. ही अट म्हणता येईल का, बघू. भाषण तयार आहे. सुरुवात, मित्रहो.

संध्याकाळी ७.
टेकडीची वाट चढून गेलो. मध्ये दोनदा बसलो. वरून खाडी दिसली. सगळ्या होड्या एकमेकींना खेटून, दोर कुणाचा कुठे काही पत्ता नाही. इतका गोंधळ मी आयुष्यात बघितलेला नाही. खाली भोंगाकाका कुणाला तरी हाक मारत होते, ती मला टेकडीवर ऐकू आली. मेव्हण्याचं प्लॅस्टर निघालंय. हात बारीक झालाय, त्याच हाताने तो एका पोराला होडीतून उतरवून घेत होता.
कारखान्याच्या शेडमध्ये कँटीन. आत तुफान गर्दी. मी आत शिरलो, मधोमध उभा राहिलो आणि घसा साफ केला. मित्रहो म्हणण्याइतकी शांतता होईना. पाठमोऱ्या हिने कप भरता भरता विचारलं, काय देऊ? सगळ्यांना विचारतात तसं. मग वळली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही, कारण दोन्ही हातांत कप घेऊन ती म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा, वाटेत उभे आहात.
मी बाजूला झालो.
तांडेल बाकड्यावर सरकले. बसलो. चहा आला. गोड होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दाढ कशी आहे? म्हटलं, गेली. तांडेलांनी विचारलं, तिकडे कसं काय? म्हटलं, शांत आहे. ते बराच वेळ हं म्हणत राहिले. भाषण डोक्यातून निघून गेलं. पहिला शब्द होता, पण तो एकटा काय करणार.
मेव्हणा म्हणाला, भावजी, बोटीतून सोडू का? मी चालतच आलो. भिंतीपाशी पोचलो तेव्हा उजेड होता. पाणी हलत नव्हतं. ऑफिसात गेलो नाही, थेट घरी.
ही आताच आली. चपला न काढताच खुर्चीत बसली, डोळे मिटले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, सकाळी माणूस पुरत नाही, कप विसळायला. उद्या येता का?
मी म्हटलं, बघतो, कामं काय आहेत त्यावर आहे.
तिने डोळे न उघडताच विचारलं, कसली कामं?
मी आठवून बघितलं. बराच वेळ आठवलं. मग म्हटलं, येतो.
मग लवकर झोपा, म्हणाली.